वालाने मोजलेली कोळंबी

आमच्या लॅबमध्ये काहीही टाकून द्यायचं नाही, असा सरांचा नियम आहे. बंद पडलेले पंप, झाकण हरवलेल्या बरण्या, बरणी हरवलेली झाकणं, सगळं भिंतीलगतच्या कपाटात जातं. किश्शांचंही तसंच झालं. बावीस वर्षं मी या लॅबची सहायक आहे आणि कपाटात जागा उरली नाही म्हणून ते सगळे माझ्याकडे राहिले. कोणी घरी चहाला आलं की मी एक बाहेर काढते. त्याच्यामागे अडकलेला दुसरा येतो, मग तिसरा, आणि चहा गार होतो. आज तुम्ही सापडलात!

लॅब म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यासमोर आणू नका. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, सहा टाक्या, समुद्राचं पाणी भरून आणायची निळी पिंपं आणि आम्ही तिघं. बापट सर, त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी रुक्साना आणि मी, नलूताई. मी मूळची लांज्याकडची. आमच्या घरात सुकटसुद्धा कधी शिजली नाही. आणि नोकरी लागली ती कुठे, तर कोळंबी मोजायला!

*

पहिल्याच दिवशी सरांनी मला एका टाकीजवळ स्टुलावर बसवलं. "पाच मिनिटं नुसतं ऐका," म्हणाले आणि निघून गेले.

टाकीत एक तपकिरी गोळा होता, पाण्यात भिजून फुगलेल्या पावासारखा. बाकी काही नाही. मी कान देऊन बसले. तड! मग तड-तड! मी उठले. दोन्ही खोल्या धुंडाळल्या, टेबलांखाली वाकून पाहिलं, मागचं दारही उघडून बघितलं. सर परत आले तेव्हा मी पिंपाच्या मागे होते.

"काय ऐकलंत?"

"सर, तुमची फोडणी करपतेय कुठेतरी. पण गॅसच सापडत नाही!"

सर एवढे खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे रजिस्टर उघडून लिहिलं, "नवीन सहायकाची श्रवणशक्ती उत्तम."

तो गोळा म्हणजे स्पंज. जिवंत असतो तो, आणि आत सगळीकडे बारीक बोळ. त्या बोळांत राहते चुटकीवाली कोळंबी. हे नाव आमच्या लॅबमधलं. आकाराने तांदळाच्या दाण्यापासून फार तर नखाएवढी, पण तिची एक नांगी अशी दांडगी, की बाकीची कोळंबी त्या नांगीला चिकटवल्यासारखी वाटते. ती नांगी ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा होतो आणि फुटतो. तोच हा तड! कोणी घरात शिरायला लागलं की वाजवायची. स्पंज सोडून ती सहसा बाहेर पडत नाही. घर तेच, जेवण तेच, भांडणंही तिथलीच.

पुढे सरांनी हा आवाज रेकॉर्ड करून आपल्या फोनची रिंगटोन केला. तेव्हापासून कॉलेजच्या कँटीनमध्ये सरांचा फोन वाजला की आचारी आधी कढईकडे धावतो.

*

आमची खडपं मिऱ्याच्या बाजूला आहेत. खडप म्हणजे समुद्रात शिरलेला काळा कातळ. भरतीला दिसतच नाही. मोठ्या ओहोटीला पाणी गुडघ्यापर्यंत उतरतं आणि मग कातळाच्या कपारीत लाल, पिवळे, तपकिरी स्पंज हाताला लागतात. थोडं प्रवाळही आहे. पण टीव्हीवर दिसतं तसलं काही शोधायला गेलात तर पस्तावाल.

पुण्याहून एक पाहुणे तसं शोधायला आले होते. मोठे हौशी गृहस्थ! अंगाला घट्ट काळा रबरी सूट, पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काच, पायात बदकाचे पाय. असा जामानिमा करून ते खडपावर उतरले. पाणी पोटरीपर्यंत. ते थोडे पुढे गेले. पाणी घोट्यापर्यंत! शेवटी पाहुणे पालथे पडले आणि तोंड तेवढं पाण्यात बुडवून सरपटायला लागले.

बाजूला बायका कातळावरची कालवं, म्हणजे शिंपले, काढत बसल्या होत्या. त्यातल्या एका म्हातारीने हातातली कोयती खाली ठेवली, बराच वेळ पाहिलं आणि हाक मारली, "अवो दादा, बुडायला पानी कमी पडतंय! जरा फुडं जावा!"

*

आता तिथींचं. समुद्र सगळ्यात लांब मागे सरतो, आमच्या भाषेत पाणी सुकतं, ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणून आमचं खडपावर जाणं तेव्हाच. सर देवाधर्माच्या वाटेला कधी जात नाहीत, पण तिथी त्यांना तोंडपाठ. दौऱ्याचा अर्ज वर्षभराचा एकदम देतात.

एका वर्षी तो अर्ज परत आला. आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांनी लाल शाईने शेरा मारला होता, "सदर विभागाचे सर्व दौरे अमावास्या व पौर्णिमेसच का निघतात, याचा खुलासा व्हावा." सरांनी चार पानी खुलासा लिहिला. चंद्र, सूर्य, पृथ्वी, आकृत्यांसकट. भाऊसाहेबांनी तो मन लावून वाचला आणि त्यातून एवढंच घेतलं, की बापट सरांना पंचांग कळतं!

झालं! कोणाची वास्तुशांत, कोणाचं बारसं, सगळे सरांकडे. सर आधी चिडायचे, मग नाइलाजाने सांगायला लागले. एका संकष्टीला आभाळ गच्च भरलेलं होतं. भाऊसाहेब दिवसभराचे उपाशी. त्यांनी सरांना फोन लावला, "सर, आज चंद्रोदय किती वाजता?"

सर म्हणाले, "नऊ सतरा. पण पाणी फारसं सुकणार नाही हो, जाऊन उपयोग नाही!"

*

रुक्साना मिरकरवाड्याची. तिचे वडील इब्राहिमचाचा. ट्रॉलरवर तीस वर्षं तांडेल होते, म्हणजे कप्तानच म्हणा. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मोठी बोट सोडली आणि लहान होडी घेतली. जवळपास जाळी टाकतात. त्यांच्या घराण्यात कॉलेजच्या पुढे गेलेली रुक्साना पहिली.

लेकीचा अभ्यास समुद्राचा आहे कळल्यावर चाचा होडी द्यायला तयार झाले, पण अटीवर. माझ्यासमोरच सांगितलं होतं त्यांनी, "नलूबाय, तू साक्षी हायस. डिग्री मिळंपर्यंत होडी माजी. डिग्री मिळाली की हे पान्यातलं सगळं बंद. शाळेत नोकरी बगायची, चार मानसांवानी." रुक्साना मान खाली घालून "हो अब्बा" म्हणाली. तेव्हा तिला तरी कुठे माहीत होतं, की खडपाचं एवढं वेड लागेल?

पहिल्यांदा चाचा लॅबमध्ये आले तेव्हा लेकीने मोठ्या अभिमानाने त्यांना भिंगाखाली चुटकीवाली दाखवली. चाचांनी एक डोळा मिटून पाहिलं. मग दुसरा मिटून पाहिलं.

"कालवन कितक्या जनांना पुरंल?"

"अब्बा, ही खायची नाही."

"मंग पकडलीस कशाला?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला सर पुढे झाले. चाळीस मिनिटं बोलले. बहुतेक चुटकीवाल्या जोडीने राहतात, एक नर आणि एक मादी. पण दूरच्या समुद्रांत काही जाती अशा आहेत, की एकाच स्पंजात शंभर-दोनशे जणांचं कुटुंब नांदतं. अंडी घालणारी एकटी राणी, बाकीचे सगळे घर राखणारे. रुक्सानाचं म्हणणं असं, की आपल्या खडपांवरसुद्धा असं एखादं घर आहे. राणी सापडली तर तिचा थिसिस उभा, नाही तर नुसत्या मोजण्या. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे खायची नाय," म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

*

मोजण्या म्हटल्यावर वालाचा किस्सा सांगायलाच हवा. सर हा कोणाला सांगू देत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना सांगते.

स्पंज उघडून एकेक कोळंबी चिमट्याने काढायची, तर डोळा भिंगाला आणि हात ओले. वहीत रेघा मारायला गेलं की आकडा चुकायचा. आमचे वडील माडावरून नारळ उतरवताना शेकड्याला एक खडा बाजूला ठेवायचे. मी म्हटलं, तसंच करू! घरून कडव्या वालाची पिशवी आणली. एक कोळंबी निघाली की एक वाल वाटीत. शेवटी वाल मोजायचे. वालाला ना पाण्याचं भय, ना पळून जायची सवय. रुक्सानाला पद्धत भलतीच आवडली.

एका शुक्रवारी अकरा नंबरचा स्पंज उघडला. आत ही गर्दी! जोडीबिडी काही नाही, सबंध गाव! राणी काही दिसली नाही, पण इतके जण एकत्र पहिल्यांदाच सापडत होते. काढता काढता संध्याकाळ झाली. कोळंब्या टाकीतल्या दुसऱ्या स्पंजांत सोडून दिल्या. रुक्साना म्हणाली, "वाल सोमवारी मोजू, आता डोळे उघडत नाहीत." मी आवराआवर केली, उरलेले वाल समजून एक वाटी डब्याच्या पिशवीत टाकली आणि घरी आले.

रविवारी सकाळी तिचा फोन.

"नलूताई, मी लॅबमध्ये आलेय. अकरा नंबरची वाटी कुठेय?"

माझ्या हातात तीच वाटी होती. म्हटलं, "अगं, त्याला मोड आलेत!"

दहा मिनिटांत स्कूटी दारात. आमच्या स्वयंपाकघरात ती फतकल मारून बसली. मी निम्मे वाल सोलून टाकले होते, आणि सोललेल्या वालाचं काय होतं तुम्हाला माहीत आहे, दोन डाळिंब्या! आता अर्धुकं मोजायचं की अख्खं? मग दोघींनी मिळून ताटात डाळिंब्यांच्या जोड्या लावल्या. आमचे हे दारात उभे राहून विचारत होते, "बिरडं आहे की नाही आज?" शेवटची डाळिंबी शेवटच्या डाळिंबीला मिळाली. दोनशे सहा! रुक्सानाने मला मिठी मारली आणि म्हणाली, "आता शिजवा." दोन वाट्या बिरडं तिने एकटीने खाल्लं.

सोमवारी घाबरत घाबरत सरांना सांगितलं. सरांनी चष्मा पुसून स्वतःच्या अक्षरात नोंद केली, "नमुना अकरा, एकूण दोनशे सहा. मोजणी वालाने. मोड आल्यावर फेरमोजणी केली."

*

राणी सापडली ती पाचव्या वर्षी, आणि सापडली तीही होडीत.

त्या दिवशी चाचा सुकाणूवर, सर आणि रुक्साना पुढे, मी मधोमध पिंप धरून. पोहता येत नसल्यामुळे मी कायम पिंप धरूनच बसते. रुक्सानाने पाण्यात उतरून कपारीतून एक स्पंज सोडवला, होडीत आणून कडेने जरासा उघडला आणि भिंग लावलं. मग अशी किंचाळली की खडपावरचे बगळे उडाले. गर्दीच्या मधोमध एकच जाडजूड मादी, पोटाखाली केशरी अंड्यांचा घोस! "राणी! सर, राणी!" सर कायम आम्हाला गप्प बसवणारे, तेच होडीत उभे राहून टाळ्या पिटायला लागले.

चाचा उठून पुढे आले. भिंगातून पाहिलं.

"गाबोळीवाली हाय?"

"हो अब्बा!"

"मंग सोड तिला."

आम्हाला वाटलं थट्टा करतायत. कसली थट्टा! चाचांचा आयुष्यभराचा नेम होता. जाळ्यात गाबोळीवाली शेवंड आली, म्हणजे पोटाला अंडी असलेली मोठी लॉबस्टर, तर ती परत पाण्यात. त्यांच्या होडीतून ती कधीच बंदरावर आलेली नाही. सर म्हणाले, "चाचा, ही शेवंड नाही, ही एवढीशी आहे." चाचा म्हणाले, "गाबोळी ती गाबोळी." रुक्साना रडकुंडीला आली. पाच वर्षं जिची वाट पाहिली ती तळहातावर, आणि बाप म्हणतो सोड! चाचांनी सरळ इंजिन बंद केलं. होडी तिथेच डुलत राहिली.

शेवटी सरांनीच तोड काढली. राणीला न्यायचं नाही, जे काय करायचं ते इथेच. मग डुलत्या होडीत मी ताटली धरली, सरांनी मला धरलं, रुक्सानाने फोटो काढले, मापं घेतली, अंडी मोजली. चाचा घड्याळ बघत होते, कारण पाणी चढायला लागलं होतं. सगळं झाल्यावर रुक्सानाने राणीला तिच्या स्पंजात सोडलं आणि स्पंज होता त्या कपारीत नीट बसवून आली. तेव्हाच चाचांनी इंजिन सुरू केलं.

जाताना चाचा सरांना म्हणाले, "सर, हिच्या घरचं रेशनकार्ड केलंव, बरा झाला. पन कार्ड केला म्हून मानसाला उचलून नेतात काय?"

*

थिसिस झाला. ओपन वायवाची तारीख लागली. बाहेरून परीक्षक येणार, सगळ्यांसमोर रुक्साना बोलणार.

आदल्या दिवशी ती टाकीजवळ त्याच स्टुलावर बसली होती. मी म्हटलं, "घाबरलीस?" तर म्हणाली, "नलूताई, नापास झाले तर सहा वर्षं पाण्यात. पास झाले तर होडी बंद. मी नक्की कशासाठी दुवा मागू?" अब्बांना दिलेला शब्द ती मोडणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मी साक्षीदार होते! इतकं वाईट वाटलं मला, की तिच्यासाठी चहा ठेवला आणि त्यात साखर घालायची विसरले. तीही तसाच प्यायली.

वायवाला हॉल भरला होता. भाऊसाहेब, कँटीनचा आचारी, मिरकरवाड्याच्या बायका, सगळे हजर. चाचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. रुक्साना इंग्रजीत बोलत होती. चाचांना शब्द कळत नव्हते, पण पडद्यावर खडपाचा फोटो आला की माझ्या कानात सांगायचे, "ही उत्तरंची बाजू. इथं वारा लागतो." राणीचा फोटो आला तेव्हा होडीची कड त्यात दिसत होती. चाचा पुढे झुकून बसले ते तसेच राहिले.

परीक्षक कडक होते. तासभर प्रश्न विचारले. वालाच्या मोजणीवरही अडले, पण फेरमोजणीची नोंद वाचून हसायला लागले. शेवटी त्यांनी वही मिटली आणि अध्यक्षांकडे बघून मान हलवली. आम्ही ओळखलं, झालं!

मग अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कोणाला काही प्रश्न?" हा प्रश्न कोणासाठी नसतो. लोक अर्धे उठले होते, बाहेर बटाटेवड्यांचा वास सुटला होता.

चाचा उभे राहिले.

रुक्सानाचा चेहरा पांढरा पडला. सरांनी डोळे मिटून घेतले.

"ती रानी," चाचा म्हणाले, "ती म्हातारी होऊन मेली, तर तिच्या जाग्यावर कोन बसते? घरातलीच कोन, का भायेरून येते?"

परीक्षकांनी मिटलेली वही परत उघडली. खुर्ची वळवून ते रुक्सानाकडे पाहायला लागले. रुक्साना माइक धरून उभी. एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा सरांकडे. मग इंग्रजी सोडून सरळ म्हणाली, "अब्बा, ते मला माहीत नाही. आपल्या खडपावरचं ते अजून कोणीच पाहिलेलं नाही."

अध्यक्षांना घाई झाली होती. ते इंग्रजीत काहीतरी म्हणाले.

चाचांनी मला विचारलं, "काय बोलले?"

मी म्हटलं, "ते म्हणतायत, हा प्रश्न या डिग्रीच्या बाहेरचा आहे."

चाचांनी जरा विचार केला. शर्टाची बाही सारखी केली. मग लेकीकडे बघून म्हणाले, "परवा पानी सहाला सुकतंय. पाचला होडीवर ये."